भिंतीवरचं उलटं अंगण

उसाच्या पानाची धार बाळासोंना नवी नव्हती. उभा जन्म उसात गेलेला. हातावर, मानेवर, कानाच्या पाळीवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, त्या सगळ्या पानांनी ओढलेल्या. पण दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या नातीच्या, अनुजाच्या, बुबुळावरून तसलंच एक पान फिरलं आणि त्या दिवसापासून उजेड हा त्या पोरीचा वैरी झाला.

अनुजा अकरा वर्षांची. आजोबांच्या मागोमाग वैरण आणायला उसात शिरली, ती डोळा चोळतच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, मग बुबुळावर जखम चिघळली. पेठ वडगावच्या बाहेर त्यांची वस्ती. तिथून कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडं खेपा सुरू झाल्या. जखम एकाच डोळ्याला होती, पण उजेड दोन्ही डोळ्यांना सोसेना. दाराची फट जरी किलकिली झाली तरी पोर निखारा ठेवल्यासारखी ओरडायची. बाईंनी औषधं दिली आणि सांगितलं, "उजेडापासून जपा हिला."

बाळासोंचं कुठलंही काम अर्धवट नसे. त्यांनी खताची पोती ठेवायची पश्चिमेकडची खोली रिकामी केली. भिंतींना चुना दिला. खिडकीवर वावरात वाफ्यांवर अंथरायचा काळा मल्चिंग पेपर दुहेरी करून ठोकला, कौलांच्या फटी चिखलानं लिंपल्या, दाराला आतून गोणपाट लावलं, बल्ब काढून खिशात टाकला. खोलीत एवढा अंधार झाला की ताटातली भाकरी चाचपून शोधावी लागे. त्या अंधारात अनुजा शांत झाली. घराला वाटलं, औषध लागू पडलं.

संक्रांत झाली. डोक्यावरून टॉवेल घेतलेल्या अनुजाला घेऊन बाळासो पुन्हा बाईंच्या पुढ्यात बसले. बाईंनी मोठ्या कष्टानं तिचे डोळे तपासले आणि म्हणाल्या, "जखम भरली. कडेला बारीक डाग राहिलाय, पण नजरेच्या आड येत नाही. घरी कुठं असते ही?"

"अंधाऱ्या खोलीत," बाळासो छाती पुढं काढून म्हणाले. "एक किरण आत येत न्हाय बघा. मी सोता बुजवलंय समदं."

बाईंनी हातातली बॅटरी बाजूला ठेवली. मग त्यांनी भलतंच विचारलं. "आजोबा, शेतात काय असतं तुमच्या?"

"ऊस. आन् उसाची रोपं करून इकतो."

"रोपं सावलीच्या नेटखाली वाढवता ना? मग नेटखालचं रोप उचलून एकदम उन्हात लावता?"

"छ्या! दुपारपत्तोर मान टाकंल की ते. आधी नेट जरा जरा सारायचं. उनाची सवं लावायची."

"आणि नेट सारलंच नाही तर?"

बाळासोंची नजर टॉवेलाआडच्या नातीकडं गेली. नेट सारलंच नाही तर रोप लांबडं, पिवळट, दोऱ्यासारखं होतं. वाऱ्यानंसुद्धा मोडतं. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"जपा म्हणाले होते ते जखम ओली होती तेव्हा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता अंधारच तिच्या डोळ्यांचं बळ खातोय. असंच राहिलं तर भीती हाडात मुरेल, मग ही बाहेर यायचीच नाही. ओढून बाहेर काढू नका. पण उजेड द्या. थोडा थोडा."

घरी आल्यावर अनुजा थेट तिच्या खोलीत शिरली आणि गोधडीत गुरफटून बसली. तिची आई स्नेहल दारातून विनवू लागली. बाप उदयसिंह शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर होता, नाहीतर त्यानंही विनवलं असतं.

"अगं, शाळा बुडाली की तुझी."

"बुडू दे."

"मैत्रिणी इचारत्यात."

"इचारू देत. मी हितंच राहणार. कायमची."

'कायमची' हा शब्द तिनं एवढ्या शांतपणे उच्चारला की स्नेहलनं पदर तोंडाला लावला. आणि बाळासोंना आठवलं, ही खोली बुजवताना आपण मोठ्या हौसेनं शीळ घालत होतो.

सकाळी दूध काढून झाल्यावर ते पोती शिवायचं दाभण घेऊन खोलीत गेले. "अनू, एक भोक पाडू?"

गोधडीत चुळबुळ झाली. मग, "केवढं?"

"तू सांगशील तेवढं."

"ज्वारीच्या दाण्याएवढं. त्येच्यापेक्षा लई न्हाय."

"बरं. दाण्याएवढं."

तिनं डोक्यावरून गोधडी ओढली, खिडकीकडं पाठ केली. बाळासोंनी काळ्या कागदात दाभण घातलं, जरासं फिरवलं, काढलं. पांढरा लखलखीत ठिपका उमटला. बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं. घराच्या मागून येऊन ते पश्चिमेचं अंगण, गोठा आणि पलीकडचं रान उजळत होतं. बाळासो अंदाजानं भिंतीपाशी जाऊन बसले. काही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

बऱ्याच वेळानं गोधडी हलली. अनुजा खिडकीकडं पाठ करूनच समोरच्या भिंतीकडं बघत असावी.

"आबा."

"काय गं?"

"भितीवर कायतरी चालतंय."

बाळासोंनी भिंतीकडं पाहिलं. काळंकुट्ट. "पाल आसंल."

"पाल न्हाय. आई हाय."

अंधारात राहून पोरीच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही? "मला तर काय बी दिसंना, बाळा."

"तू आत्ता उनातनं आलायस. बस की जरा. डोळं निवू देत."

ते बसले. नुसतेच बसले. आणि हळूहळू, दुधावर साय धरावी तसं भिंतीवर काहीतरी धरू लागलं. आधी खालच्या बाजूला फिकट निळं. मग वरच्या बाजूला मातकट. मग त्या मातकटाखाली एक लाल पट्टा हलताना दिसला, आणि बाळासो पुढं सरकले. ते दोरीवर वाळत घातलेलं स्नेहलचं लुगडं होतं, पण उलटं. वाऱ्यानं ते वरच्या अंगाला फडफडत होतं. माडाचं झाड डोकं खाली करून लोंबत होतं. म्हैस पाय वर करून निवांत रवंथ करत होती. आणि तेवढ्यात भिंतीच्या कडेनं स्नेहल आली, डोकं खाली, पाय वर, हातात पाण्याची बादली. बादली उलटी, पण थेंब सांडत नव्हता.

भिंतीवरच्या स्नेहलनं बादली ठेवली, आणि त्याच क्षणी बाहेरून बादलीची खरीखुरी कडी वाजली: खण्ण.

बाळासोंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रोजचं अंगण ते. शेण काढून काढून, झाडून झाडून नजरेतून उतरलेलं. ते असं रंगांसकट, वाऱ्यासकट, न बोलता घरात येऊन भिंतीवर बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि ते आलं कुठून, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकातून.

"स्नेहल!" ते ओरडले. "अगं पळ, हिकडं ये!"

स्नेहल घाबरून धावत आली, दार धाडकन उघडलं, आणि भिंत पांढरी फटक पडली.

"दार लाव!" आजा-नात एकदम ओरडले.

दार लागलं. मायलेकी आणि आजोबा श्वास धरून बसले. अंगण परत आलं. म्हैस आली, माड आला, लुगडं आलं.

"आई, आता तूच न्हाईस त्यात," अनुजा म्हणाली आणि खुदकन हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

स्नेहल तिच्या हसण्याकडंच बघत राहिली. अंधारात ते दिसत नव्हतं, तरी.

मग 'उलटं का' हा प्रश्न आला. बाळासो म्हणाले, देवाची करणी. अनुजाला ते पटेना. पुढचे दोन दिवस ती त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिनं दाभण मागून घेतलं, भिंतीच्या कडेकडेनं, डोळे बारीक करून खिडकीपाशी गेली आणि दाभण भोकात अर्धं घातलं.

"आबा, हे बघ. दाभणाचं भायेरचं टोक वर केलं, तर आतलं कुठं जातंय?"

"खाली."

"आन् भायेरचं खाली केलं?"

"वर."

"मग! उजेड बी असाच दाभणासारखा सरळ हाय. वाकत न्हाय. माडाच्या शेंड्याकडनं निघाला की भोकातनं सरळ खालीच जाणार की त्यो. आन् बुंध्याकडचा वर."

बाळासोंना ते समजलं, आणि समजल्यावर नवल कमी होण्याऐवजी वाढलं. माडाचा शेंडा, म्हशीचं शिंग, प्रत्येक जण आपापला उजेड धाडतो, एवढ्याशा भोकात सगळ्यांची गर्दी होते, तरी कुणी कुणाला धक्का मारत नाही. जो तो आपल्या जागी जाऊन बसतो. जत्रेत माणसांना हे जमत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती ते बोलले नाहीत. पोर खिडकीपाशी उभी होती. भोकातला उजेड तिच्या मनगटावर पडला होता आणि ती तो झटकत नव्हती.

असं सगळं ठीक चाललं असतं, पण शेजारच्या तानाबाईंना वास लागला. त्या बाळासोंच्या चुलत भावाची बायको; वस्तीवर कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्यांना आधी कळे. त्या आपल्या शेंडेफळाला, नात्यानं अनुजाचा काका लागणाऱ्या गुंडूला, घेऊन आल्या, अंधारात मांडी घालून बसल्या, डोळे निवेपर्यंत कुरकुरल्या आणि मग एकदम किंचाळल्या.

"अगं बया! जोतिबा!"

खोटं नव्हतं ते. अंगणाच्या पलीकडं, रानाच्याही पलीकडं, मावळतीला जोतिबाचा डोंगर आहे. भिंतीवर तो निळसर, वीतभरसुद्धा नाही असा, आभाळात खाली लोंबत होता.

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!" तानाबाईंनी जमिनीला डोकं टेकलं. "भावजी, देव घरला आला की तुमच्या! पोरीची भक्ती फळली." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण डोंगर उलटा का वं? काय कोप-बिप? मागच्या चैताच्या जत्रंला मी जायाची राहिलेती, त्येचं तर न्हवं?"

"आये, म्हस बी उलटीच हाय," गुंडू म्हणाला. "म्हशीचं काय चुकलं?"

"गप रं, भाड्या!"

दुसऱ्या दिवशी तानाबाई नारळ घेऊन आल्या, आणि त्यांच्यामागून आणखी चौघीजणी. भिंतीला हळद-कुंकू लागलं. कुणी दार उघडलं की देव जाई, लावलं की येई. त्यामुळं देवाचा महिमा वाढतच गेला. बाळासोंना बायकांना हाकलायचं धारिष्ट होईना. हाकलायचं काम अनुजानं उचललं.

"पावणं, दार लावा की! एकदम किती जण शिरताय? खाली बसा. न्हाय, लगेच न्हाय दिसायचं. आता उनातनं आलाय, थांबायला लागतंय. तानाआज्जी, तुझी सावली डोंगरावर पडली, हाल तिकडं."

गोधडी कुठंतरी कोपऱ्यात पडली होती.

गुंडू मात्र हुशार. त्याला वाटलं, दाण्याएवढ्या भोकातून एवढं दिसतं तर रुपयाएवढ्या भोकातून किती दिसेल! देवळाची पायरीन् पायरी दिसेल. कुणाला न विचारता तो खिडकीपाशी गेला आणि भोकात अंगठा घातला. जुना कागद टरकन फाटला.

उजेडाचा लोट आत आला. भिंतीवरचा डोंगर विरघळला, म्हैस विरघळली, लुगड्याचा नुसता लाल धुरळा झाला आणि तोही गेला. उरला फक्त पांढरा उजेड. तानाबाई "देव गेला, देव गेला" करत उठल्या.

"गुंडूकाका!" अनुजा ओरडली. "माझं आंगण घालीवलंस तू!"

बाळासो तिला टोपीचा आडोसा करायला धावले, आणि अर्ध्यावर थबकले. फाटक्या कागदातून येणारा उजेड पोरीच्या तोंडावर पडला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण डोळे उघडे होते. रागानं चांगले टक्क उघडे. गुंडूकडं रोखलेले. बाळासोंनी टोपी हळूच पाठीमागं लपवली.

मग तिला उजेडाची आठवण झाली. तिनं डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांनी झाकले, खाली बसली. "दुखतंय," ती म्हणाली. पण पहिल्यासारखी किंकाळी नव्हती त्यात. दुखतंय, एवढंच.

बायका गेल्या. गुंडू ओशाळून गेला. अनुजानं कोपऱ्यात तोंड करून बसल्या बसल्या हुकूम सोडला, "आबा, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आण. आन् दाभण. फाटलंय तिथं चिकटव. ज्वारीच्या दाण्याएवढंच भोक."

रात्री तिनं गोधडी मागितली नाही. सकाळी बाळासो आत आले, नेहमीसारखे चाचपडत भिंतीपाशी बसले.

"आबा, आता काय दिसतंय?"

"काय बी न्हाय. आत्ताच आलोय की."

"तुला लगेच दिसत न्हाय. तानाआज्जीला न्हाय, आईला न्हाय. समद्यास्नी थांबायला लागतंय."

"व्हय की."

"मग दिसतंय."

"मग दिसतंय."

भिंतीवर अंगण हळूहळू धरू लागलं. बाळासोंना कळत होतं, की पोरीच्या डोक्यात काहीतरी चाललंय, आणि या वेळी आपण शिंकायचंसुद्धा नाही.

"मग उलटं बी तसंच आसंल," ती म्हणाली. "अंधारातनं उनात गेल्यावर. थांबायला लागत आसंल."

'व्हय' असं मोठ्यानं ओरडावं, असं बाळासोंना वाटलं. पण त्यांना नेट आठवलं. "आसंल बाबा," ते म्हणाले. "थांबून बघितल्याबिगर कसं कळणार?"

"लई दुखलं तर?"

"तर आत यायचं. दार कुठं पळून जातंय?"

मग ती उठली. "तू हितंच बस. मी भितीवर येतो का बघ. उठायचं न्हाय. दार उघडायचं न्हाय."

"न्हाय उठत."

दार उघडलं, उजेड आला, दार लागलं. बाळासो अंधारात एकटे उरले. भिंतीवर अंगण होतं: लुगडं, माड, म्हैस. अनुजा नव्हती.

त्यांनी वाट पाहिली. पोर ओसरीतच बसली असेल. माघारी येईल. यायलाही हरकत नाही, उद्या पुन्हा बघू. असं मनाला समजावत असताना भिंतीच्या अगदी वरच्या कडेला, जिथं घराची सावली अंगणात पडते तिथल्या काळपट पट्ट्यात, दोन पाय दिसले. मग पिवळा फ्रॉक. मग खाली लोंबणारं, ओढणीत गुंडाळलेलं डोकं.

ती सावलीत खाली बसली. गुडघ्यांत तोंड घालून. गोठ्याकडून स्नेहल धावत आली, दोन पावलांवर येऊन थांबली. हात पुढं केला, मागं घेतला. दोघी तशाच. भिंतीवर आवाज नव्हता. बाहेरून फक्त म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. बाळासोंना वाटलं, उठावं, जावं, तिला उचलून आत आणावं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरून ठेवले. या खोलीत पोरीनं किती दिवस असंच गुडघे धरून काढले असतील, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा अंगात कळलं.

ती उठली. थबकली. पुन्हा चालली. सावलीची कड आली आणि तिनं ती ओलांडली.

भिंतीवर काहीतरी पेटल्यासारखं झालं. पिवळा फ्रॉक एवढा झगझगीत झाला, की बाळासोंनी डोळे बारीक केले. ती गोठ्यापर्यंत चालत गेली आणि वळली. सूर्य आता तिच्या समोर होता. दोन्ही तळहात डोळ्यांवर होते. तिनं ओढणी मागं टाकली. ती थांबली. सगळ्या वस्तीला थांबायला शिकवलं होतं तिनं, आता स्वतः थांबत होती. लुगडं फडफडलं, शांत झालं, फडफडलं. मग एक हात खाली आला. मग, कितीतरी वेळानं, दुसरा.

बाळासो उठून भिंतीपाशी गेले. जाऊ नये, आपली सावली पडेल, हेही त्यांना सुचलं नाही. पण सावली पडली नाही, ते कडेनं गेले होते. त्यांनी हात पुढं केला, आणि अंगणाचा तेवढा तुकडा भिंतीवरून त्यांच्या हातावर आला. उसाच्या पानांनी ओरबाडलेल्या त्या हातावर वीतभर अनुजा उभी होती. डोकं खाली, पाय आभाळात, तोंडावर ऊन. तिला वजन नव्हतं. ऊबही नव्हती. तरी त्यांनी हात हलू दिला नाही.

"आबाऽऽ!" बाहेरून हाक आली. "दिसतोय का मी?"

त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"दिसतीयास!" ते ओरडले. "हात हलीव बघू!"

तळहातावरची पोर हात हलवू लागली.